वहीतले तीन रकाने

गंगापूर रोडच्या एका गल्लीत पहिल्या मजल्यावर एक थेरपी केंद्र आहे आणि त्याच्या दाराबाहेर, जिन्याला लागून, एक लोखंडी बाक आहे. गेली दोन वर्षे आठवड्यातले चार दिवस, दुपारी साडेतीन ते साडेचार, मी त्या बाकावर बसतो. आत माझा नातू असतो. घरी आम्ही त्याला सोन्या म्हणतो. तो आता सहा वर्षांचा आहे. सव्वातीन वर्षांचा असताना त्याला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, असल्याचे निदान झाले. मुलगा अंबडच्या कारखान्यात पाळीवर जातो, सूनबाई बँकेत आहे आणि माझी चौतीस वर्षांची मास्तरकी संपलेली आहे. तेव्हा सोन्याला स्कूटरवरून नेण्या-आणण्याचे काम आपोआप माझ्याकडे आले.

त्या बाकावर बसणारे आम्ही आठ-दहा जण आता एकमेकांना चांगले ओळखतो. कोणी सिन्नरहून एसटीने येते, कोणी दिंडोरीहून, कोणी सातपूरहून. मी हायस्कूलात विज्ञान शिकवत होतो हे कळल्यापासून सगळे मला सर म्हणतात आणि इंग्रजीतले रिपोर्ट माझ्या हातात देतात. एका आईने मध्यंतरी विचारले, “सर, दर महिन्याला एवढे पैसे भरते, पण आत डोकावलं तर नुसते ठोकळे रचताना दिसतात. ही बिहेवियर थेरपी म्हणजे नक्की करतात तरी काय?” प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर देताना माझी तारांबळ उडाली, म्हणून घरी येऊन हे सावकाश लिहायला घेतले. मी उपचार करणारा नाही. दोन वर्षे बाहेर बसून आणि एक वही लिहून मला जे कळले, तेवढेच सांगतो.

वहीपासूनच सुरुवात करतो. सोन्याच्या थेरपिस्ट मॅडम वयाने माझ्या शेवटच्या तुकडीतल्या विद्यार्थिनींएवढ्या आहेत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला दोनशे पानी वही आणायला सांगितली आणि प्रत्येक पानावर तीन रकाने आखून घेतले. पहिल्या रकान्यात आधी काय घडले, दुसऱ्यात सोन्याने काय केले आणि तिसऱ्यात त्यानंतर लगेच काय घडले. “आजोबा, मधल्या रकान्यात ‘हट्ट केला’, ‘चिडला’ असं लिहायचं नाही. व्हिडिओत जे दिसलं असतं, तेवढंच लिहायचं.” म्हणजे ‘चिडला’ हे चालणार नाही, ‘ताट ढकलले, चार मिनिटे किंचाळला, उजव्या हाताचा चावा घेतला’ हे चालेल. प्रयोगवहीत मुलांनी ‘द्रावण छान झाले’ असे लिहिले की मी लाल शेरा मारत असे. इथे तोच शेरा माझ्या वहीवर पडला.

दोन आठवड्यांनी मॅडमनी वही चाळली. रात्रीच्या जेवणाच्या वेळी किंचाळण्याच्या चौदा नोंदी होत्या आणि त्यांतल्या अकरा नोंदींच्या तिसऱ्या रकान्यात माझ्याच हस्ताक्षरात एकच वाक्य होते : ‘आजोबांनी मोबाईल दिला.’ मॅडम काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त त्या अकरा वाक्यांवरून पेन्सिल फिरवली. तोवर मी घरात सगळ्यांना सांगत होतो की, या मुलाला आईबापांच्या लाडाने बिघडवले आहे.

या तीन रकान्यांमागचे शास्त्र तसे जुने आहे. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात उंदरांवर आणि पुढे कबुतरांवर केलेल्या प्रयोगांतून दाखवून दिले की, एखाद्या कृतीनंतर प्राण्याच्या उपयोगाची गोष्ट घडली, तर ती कृती पुन्हा घडण्याची शक्यता वाढते. त्यातून पुढे जी उपयोजित शाखा निघाली, तिला ‘अप्लाइड बिहेवियर अ‍ॅनालिसिस’ म्हणतात. बाकावर आम्ही सगळे तिला नुसते एबीए म्हणतो. मूल जे काही करते, त्यातून त्याला बहुधा चारांपैकी काहीतरी मिळत असते : कोणाचे तरी लक्ष, एखादी वस्तू किंवा कृती, नकोशा गोष्टीपासून सुटका, किंवा त्या हालचालीतूनच शरीराला मिळणारे समाधान. बोलता येणारे मूल यातल्या बऱ्याच गोष्टी तोंडाने मागते. ज्याला बोलता येत नाही, किंवा ऐन वेळी शब्द सापडत नाहीत, ते जे हाताशी आहे त्याने मागते, आणि किंचाळणे नेहमीच हाताशी असते.

इथवर मला सोपे वाटले होते, कारण बक्षीस आणि शिक्षा या विषयात आपल्याला कोणी काही शिकवावे असे शिक्षकाला वाटत नाही. माझी फजिती पुढे झाली.

श्रावणाच्या सुमारास वहीत एक नवी नोंद वारंवार येऊ लागली. केंद्रातून परतताना, स्कूटरवर पुढे उभा असलेला सोन्या एकाएकी किंचाळायचा, मान वळवून डोके माझ्या पोटात खुपसायचा आणि स्वतःचा हात चावायचा. मोबाईलचा धडा ताजा असल्यामुळे मी ठरवले की, हा लक्ष वेधण्याचा प्रकार आहे आणि आपण त्याकडे दुर्लक्ष करायचे. नऊ दिवस मी दात-ओठ खात दुर्लक्ष केले. दहाव्या दिवशी पाने पाहताना लक्षात आले की, पहिल्या रकान्यात मी ‘रस्त्यात’ एवढेच लिहीत आलो होतो. रस्त्यात कुठे? मॅडमनी विचारले तेव्हा आठवून पाहिले. वाटेत एक मोकळे मैदान लागते आणि गणपतीच्या आधी महिनाभर तिथे ढोलपथकाचा सराव चालतो. रविवारी सेशन नसते, पण त्या दिवशी आम्ही त्याच वाटेने सकाळी भाजी आणायला गेलो होतो तेव्हा सोन्या शांत होता, कारण सकाळी सराव नसतो.

नाशिकच्या माणसाला हे समजायला वेळ लागला याचे कारण उघड आहे. नाशिक ढोल म्हटले की आमची छाती फुगते. माझा मुलगाही कॉलेजात असताना पथकात होता आणि वाकडी बारवेपासून निघणाऱ्या विसर्जन मिरवणुकीत त्याने कमरेला ढोल बांधलेला पाहून मी टाळ्या वाजवल्या आहेत. तो आवाज कोणाला सहन होणार नाही, ही कल्पनाच माझ्या मनाला शिवली नव्हती. स्वमग्न मुलांपैकी बऱ्याच जणांच्या संवेदना आपल्यापेक्षा वेगळ्या असतात. कुणाला कुकरची शिट्टी असह्य होते, कुणाला शर्टाच्या कॉलरमागचे लेबल टोचते, तर कुणी मोठ्या जखमेची वेदनाही दाखवत नाही. सोन्यासाठी तो ढोल कदाचित कानात खिळा ठोकल्यासारखा असेल. आणि मी नऊ दिवस त्याच्या दुःखाकडे, शास्त्राच्या नावाखाली, पाठ फिरवून स्कूटर चालवत होतो.

नव्या पालकांना मी सर्वात आधी ही गोष्ट सांगतो. किंचाळणे तेच, हात चावणे तेच. पण ताटावरचे किंचाळणे मोबाईलसाठी होते आणि रस्त्यावरचे सुटकेसाठी. पहिल्यावरचा उपाय दुसऱ्याला लावला तर तो उपचार राहत नाही, छळ होतो. म्हणून एखाद्या शेजाऱ्याने, नातेवाइकाने किंवा मोबाईलवरच्या एखाद्या व्हिडिओने “असं केलं की असं करा” असा तयार नुस्खा दिला, तर त्याआधी तीन रकाने भरून पाहावेत. रस्त्यावरच्या प्रसंगात आम्ही सोन्याला काहीही शिकवले नाही. वाट बदलली, आणि ज्याने पाच वर्षे पथकात ढोल वाजवला त्या माझ्या मुलाने कारखान्यात वापरतात तशी कानांवरची आवाजरोधक जोडी मुलांच्या मापाची शोधून आणली. बिघाड पहिल्या रकान्यात असेल, तर दुरुस्तीही तिथेच करायची असते.

ताटावरच्या प्रसंगात मात्र शिकवणे आले. मोबाईल बंद करून टाकणे एवढाच उपाय असता, तर सोन्याकडे मागण्याचे दुसरे साधन उरलेच नसते. म्हणून मॅडमनी आधी त्याला एक साधन दिले : बोटभर रुंदीची, प्लॅस्टिकचे आवरण चढवलेली चित्रे. एकावर मोबाईल, एकावर पाण्याचा पेला आणि एकावर आडवा धरलेला पंजा, म्हणजे ‘बास’. चित्र उचलून समोरच्याच्या हातात द्यायचे आणि ती गोष्ट लगेच मिळवायची. अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ मध्ये अमेरिकेत विकसित केलेल्या पद्धतीचा हा पाया आहे. “कार्डाची सवय लागली तर बोलणारच नाही,” अशी भीती आमच्या घरात सोन्याच्या आजीने बोलून दाखवली, आणि बाकावरही जवळपास प्रत्येकजण ती बोलून दाखवतो. आजवरच्या अभ्यासांमध्ये तसे आढळलेले नाही. चित्रांमुळे किंवा बटण दाबल्यावर मुलाच्या वतीने शब्द बोलणाऱ्या यंत्रामुळे बोलणे मागे पडत नाही, काही मुलांमध्ये ते थोडे वाढतेच. सोन्या आज वीसेक शब्द बोलतो आणि कार्डेही वापरतो. त्याला जे सोयीचे असेल ते तो वापरतो, आपणही चष्मा आणि डोळे दोन्ही वापरतोच.

त्यानंतर किंचाळल्यावर मोबाईल द्यायचा नाही, कार्ड दिल्यावर ठरल्या वेळेपुरता द्यायचा, असे ठरले. मॅडमनी आधीच बजावले होते की, आता काही दिवस किंचाळणे वाढेल. टीव्हीचा रिमोट चालेनासा झाला की आपण काय करतो? तो लगेच खाली ठेवत नाही. बटण जोराने दाबतो, चारदा दाबतो, तळहातावर आपटतो. जे इतके दिवस काम करत होते ते काम करेनासे झाले की आधी जोर वाढतो आणि मगच माणूस सोडून देतो. चार मिनिटांचे किंचाळणे दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटांवर गेले आणि तिसऱ्या दिवशी पस्तीस मिनिटांवर. वरच्या मजल्यावरचे जोशीकाका खाली येऊन दारात उभे राहिले. त्या क्षणी सोन्याच्या आजीने डोळे पुसत त्याच्या हातात मोबाईल ठेवला.

तिला दोष देण्याची माझी प्राज्ञा नाही, अकरा नोंदी माझ्या नावावर होत्या. पण त्या दिवशी सोन्या काय शिकला, याचा हिशेब सरळ होता : चार मिनिटांना भाव उरलेला नाही, पस्तीस मिनिटांना मिळते. शिवाय कधी मिळणे, कधी न मिळणे हे सर्वात चिवट असते. लॉटरी घेणारा माणूस दर आठवड्याला हरतो तरी तिकीट घेतच राहतो, तो यामुळेच. त्यानंतर आम्ही चौघांनी बसून ठरवले, जोशीकाकांना जाऊन सांगितले की पंधरा दिवस आमच्या घरातून आवाज येईल, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. त्या वेळी मूल स्वतःला इजा करत असेल, तर हात मध्ये घालून ती थांबवायचीच असते, उशी पुढे करायचीच असते. दुर्लक्ष मागणीकडे करायचे, मुलाकडे नाही. ज्या मुलांचे डोके आपटणे वा चावणे गंभीर आहे, त्यांच्या बाबतीत हा प्रयोग घरच्या घरी, जाणकाराशिवाय करूच नये. आमच्याकडे अठराव्या दिवशी सोन्याने ताटावरून उठून कार्ड आणून माझ्या मांडीवर ठेवले.

“म्हणजे ही लाचच की हो, सर,” असे सिन्नरचे एक द्राक्षबागायतदार गृहस्थ मला म्हणाले होते. मला तो शब्द आवडला, कारण फरक समजावायला तो बरा पडतो. साहेब काम अडवून बसतो आणि मग त्याला पैसे दिले जातात, ती लाच. मूल किंचाळत असताना ते थांबवण्यासाठी दिलेला मोबाईल त्याच जातीचा. काम झाल्यावर, आधी ठरल्याप्रमाणे मिळतो तो पगार. कार्ड दिल्यावर मिळालेला मोबाईल हा पगार आहे, आणि पगार घेतो म्हणून आपण कोणाला लाचखाऊ म्हणत नाही.

पगार कोणत्या नाण्यात द्यायचा हे मात्र घेणारा ठरवतो, आणि इथे माझी मास्तरकी पुन्हा एकदा आडवी आली. चौतीस वर्षे मी चांगल्या उत्तराला “शाब्बास” म्हणून पाठीवर थाप देत आलो. सोन्यानेही ठोकळ्यांचा मनोरा रचला की मी मोठ्याने शाब्बास म्हणून थाप मारायचो, आणि दोन आठवड्यांत त्याने ठोकळ्यांना हात लावणेच सोडले. वहीतला तिसरा रकाना वाचला तेव्हा उलगडा झाला : त्याला अचानक झालेला स्पर्शही नको असतो आणि मोठा आवाजही नको असतो. मी ज्याला बक्षीस समजत होतो, ती त्याच्या लेखी शिक्षा होती. ज्याने वागणे वाढते ते बक्षीस, एवढीच त्याची व्याख्या. देणाऱ्याच्या मनात काय होते याला किंमत नाही. सोन्याला आवडते ते पितळी डब्याचे झाकण जमिनीवर भिंगरीसारखे फिरवलेले पाहणे. तेव्हापासून माझ्या स्कूटरच्या डिकीत कायम एक झाकण असते.

शिकवण्याच्या एका युक्तीबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण ती मला नोकरीत असताना ठाऊक असती तर फार बरे झाले असते. चड्डी घालणे हे आपल्याला एक काम वाटते. मॅडमनी त्याचे सात तुकडे केले. कमरेची बाजू ओळखून धरणे, पुढची बाजू पुढे घेणे, एक पाय, दुसरा पाय, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत ओढणे, गुडघ्यापासून मांडीपर्यंत आणि मग कमरेपर्यंत. पण शिकवायला सुरुवात केली ती शेवटच्या तुकड्यापासून. पहिले सहा आम्ही करून द्यायचे आणि कमरेपर्यंतचा शेवटचा हिसका त्याने मारायचा. तो जमला की शेवटचे दोन, मग तीन. अशा उलट्या क्रमात मूल दर वेळी काम पूर्ण करून थांबते, अर्ध्यात हरून थांबत नाही. गणितात मी नेहमी पहिल्या पायरीपासून शिकवले, आणि निम्मा वर्ग तिसऱ्या पायरीवर मला सोडून जात असे.

मदत देणे जितके महत्त्वाचे, तितकेच ती काढून घेणेही. सुरुवातीला त्याच्या हातावर हात, मग मनगटाला स्पर्श, मग कोपराला, मग नुसती खूण. माझे कोपराशी अडले. महिनाभर मी कोपराला बोट लावत राहिलो आणि सोन्या चड्डी हातात धरून त्या बोटाची वाट पाहत उभा राहू लागला. वर्गात उत्तराचे पहिले अक्षर आपण पुटपुटल्याशिवाय न बोलणारी मुले मला आठवली. ती मीच घडवली होती.

आणि शिकलेले सगळीकडे आपोआप जात नाही. केंद्रात सोन्या पाण्याचे कार्ड बिनचूक देई, घरी मात्र माठाजवळ उभा राहून रडे. केंद्रातला पेला निळ्या प्लॅस्टिकचा, घरचा स्टीलचा. तिथे मॅडम, इथे आजी. आपल्याला ज्या दोन गोष्टी एकच वाटतात, त्या त्याच्यासाठी दोनच असतात. त्यामुळे “सेंटरमध्ये करतो, घरी का नाही करत, मुद्दामच करतो,” हे बाकावर वारंवार ऐकू येणारे वाक्य बहुतेक वेळा चुकीचे असते. केंद्रातला एक तास ही फक्त सुरुवात असते. निळा पेला घरी आणावा लागतो, मग स्टीलचा केंद्रात न्यावा लागतो, मग मामाच्या घरी, मग शाळेत.

आता थोडे अप्रिय. या उपचाराचा इतिहास स्वच्छ नाही आणि तो पालकांपासून लपवण्यात अर्थ नाही. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात इव्हार लोव्हास या मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात १९ लहान मुलांना आठवड्याला चाळीस तासांच्या आसपास असा उपचार दोन वर्षे आणि त्याहूनही अधिक काळ दिला गेला आणि त्यांतली ९ मुले सर्वसाधारण शाळेची पहिली इयत्ता पार करून गेली. आजही कित्येक जाहिरातींतले “चाळीस तास” आणि “निम्मी मुले बरी होतात” हे दावे तिथून आलेले आहेत. पण त्या अभ्यासात मुलांची विभागणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी निःपक्षपणे झालेली नव्हती, आणि त्या काळात या उपचारात ओरडणे, मांडीवर चापट मारणे हेही सामील होते. त्याच प्रयोगशाळेत १९६० च्या दशकात विजेचे झटकेही वापरले गेले होते. नंतरच्या काळात पद्धती बऱ्याच बदलल्या. सॅली रॉजर्स आणि जेराल्डिन डॉसन यांच्या डेन्व्हर मॉडेलमध्ये उपचार जमिनीवर बसून, मुलाच्या आवडीच्या खेळातून चालतो; २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात अठरा ते तीस महिन्यांची ४८ मुले होती आणि विभागणी चिठ्ठी पद्धतीची होती. त्या आईला आत दिसलेले ठोकळे बहुधा याच वळणाचे होते.

तरीही, लहानपणी असे उपचार घेतलेली अनेक स्वमग्न माणसे आज मोठी होऊन लिहीत आहेत की, आम्हाला स्वतःला दडपायला शिकवले गेले. त्यांचे म्हणणे मी सूनबाईकडून इंग्रजीतून वाचून घेतले आणि मला झोप लागली नाही. सिन्नरच्या त्याच गृहस्थांनी एकदा विचारले होते, “सर, हे हात फडफडवणं कधी बंद व्हायचं हो? लग्नाकार्यात लोक बघतात.” मी त्यांना विचारले की, त्याचा त्याला काही त्रास होतो का? ते म्हणाले, “त्याला कशाचा? तो खूष असला की करतो.” मग बंद कोणासाठी करायचे? ज्याने इजा होते, जे शिकण्याच्या आड येते, ते बदलायला हवे. आनंदाने हात फडफडवणारे मूल लग्नातल्या पाहुण्यांच्या नजरेसाठी बदलण्याचा अधिकार आपल्याला आहे, असे मला वाटत नाही. ते गृहस्थ माझ्याशी सहमत झाले नाहीत. आम्ही चहा घेतला.

सोन्याच्या उद्दिष्टांच्या यादीतही ‘पाच सेकंद नजरेला नजर देणे’ असे एक कलम होते. आपल्याकडे रागावलेल्या वडीलधाऱ्यांकडे मुलाने रोखून पाहिले तर आपणच म्हणतो, “डोळे वर करून बघतोस?” आणि इथे नजर खाली असली तर तो दोष. मी मॅडमना विचारले की, यातून सोन्याला काय मिळणार? त्यांनी थोडा विचार केला आणि ते कलम खोडून त्या जागी लिहिले : ‘काही हवे असल्यास समोरच्याचे लक्ष कोणत्याही मार्गाने वेधून घेणे.’ सोन्या आता बाही ओढतो. त्या दिवसापासून मॅडमबद्दलचा माझा आदर दुणावला.

सगळीकडे असे होत नाही. याआधी आम्ही शहरातल्याच दुसऱ्या एका ठिकाणी तीन आठवडे गेलो होतो. तिथे दार बंद असे, पालकांना आत सोडत नसत, आणि रडण्याचा आवाज आला की बाहेर येऊन सांगत, “दोन महिने रडेल, मग सरळ होईल.” सरळ व्हायला तो काही वाकडा खिळा नव्हता. म्हणून आता कोणी विचारले तर मी सांगतो की, आधी आत बसू देतात का ते पाहा. रडल्यावर काय करता, मुलाने ‘नको’ म्हटले तर काय करता, हे विचारा आणि उत्तर देताना त्यांच्या कपाळावर आठी येते का ते पाहा. नोंदी दाखवायला सांगा. समोरची व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत विशेष शिक्षक किंवा चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ आहे का हे विचारायला संकोच करू नका. १९९२ च्या कायद्याने ही परिषद त्यासाठीच वैधानिक केलेली आहे. आणि जो कोणी मूल पूर्ण बरे करून देतो असे म्हणेल, त्याच्या जिन्याची पहिली पायरीही चढू नका. मूलपेशी म्हणजे स्टेम सेलचे इंजेक्शन घेण्यासाठी शेत विकायला निघालेले एक जोडपे मी या बाकावर पाहिले आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने २०२२ मध्येच स्वमग्नतेसाठी त्या उपचाराची शिफारस नसल्याचे स्पष्ट केले आहे. ते पैसे त्यांनी वाचवले, एवढे मला माहीत आहे.

खर्चाबद्दल थोडक्यात : २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत स्वमग्नता येते, त्यामुळे प्रमाणपत्र काढता येते, आणि राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ आरोग्य विम्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतची मर्यादा असून थेरपीचा खर्चही त्यात अंशतः मागता येतो. कागदपत्रे गोळा करताना जीव मेटाकुटीला येतो, पण करावे.

सोन्याची वही आता चौथी चालू आहे. नोंदी पूर्वीइतक्या दाट नसतात, काही आठवडे कोरेही जातात. मागच्या मंगळवारी मात्र एक नोंद झाली. केंद्रातून आल्यावर मी त्याला समोर बसवून सतराचा पाढा म्हणून दाखवत होतो. त्याला अंकांची आवड आहे, म्हणून मला वाटले की आवडेल, आणि माझे आवाज चढवून म्हणणे जुनेच आहे. सतरा सक पर्यंत आलो असेन. सोन्या उठला, फळीपाशी गेला, परत आला आणि माझ्या तळहातावर कार्ड ठेवले. आडवा पंजा. बास.

मी वही उघडली. पहिल्या रकान्यात लिहिले, ‘आजोबा मोठ्याने पाढे म्हणत होते.’ दुसऱ्यात, ‘कार्ड दिले.’ तिसऱ्या रकान्यात काय लिहायचे हे पाहायला सोन्याची आजी स्वयंपाकघरातून येऊन माझ्या खांद्यावरून वाकून उभी होती. ‘आजोबा गप्प बसले.’